रुडॉल्फ कोलरची जनावरं आणि गोटहार्डच्या टपालगाडीपुढे पळणारं वासरू

कुंचला

घाटातल्या वळणावरून पाच घोड्यांची टपालगाडी थेट आपल्या अंगावर येतेय. मागे धुळीत गायींचा कळप विस्कटलाय. घोड्यांच्या अगदी पुढ्यात एक वासरू जीव खाऊन पळतंय. हे स्विस चित्रकार रुडॉल्फ कोलरचं ‘गोटहार्डपोस्ट’, म्हणजे आल्प्समधल्या गोटहार्ड खिंडीतली टपालगाडी. साल १८७३, तैलरंग, उंची ११७ सेंटीमीटर, रुंदी १००. झुरिकच्या कुन्स्टहाउस संग्रहालयात आहे. स्वित्झर्लंडमध्ये हे चित्र ओळखत नाही असा माणूस विरळा. शाळेच्या पुस्तकांपासून जाहिराती आणि व्यंगचित्रांपर्यंत ते सगळीकडे वापरलं गेलंय.

इतकं प्रसिद्ध चित्र असलं की बाकीचा चित्रकार त्याखाली झाकला जातो, आणि कोलरचं तेच झालंय. बहुतेक लोक त्याला टपालगाडीवाला म्हणून ओळखतात. माझं म्हणणं असं आहे की त्याची खरी ताकद उभ्या गायीत आहे, रवंथ करत बसलेल्या बैलात आहे. ती वीसेक वर्षांची तयारी नसती तर टपालगाडीचा हा वेग त्याला कधीच साधला नसता. त्याच्या ऐन उमेदीच्या कामाबद्दल, म्हणजे साधारण १८५७ ते १८७३ या काळाबद्दल, सविस्तर लिहावंसं वाटलं म्हणून हा धागा.

थोडी पूर्वपीठिका. कोलरचा जन्म १८२८ चा, झुरिकचा. वडील खाटीक होते, शिवाय खाणावळ चालवायचे. जनावराचं शरीर आतून बाहेरून कसं असतं हे त्याला चित्रकलेच्या शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असणार. १८४५ मध्ये तो जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गच्या राजाच्या अश्वपैदास केंद्रावर जाऊन घोडे रंगवत होता, म्हणजे वय अवघं सतरा. मग ड्युसेलडॉर्फची अकादमी. तिथे आर्नोल्ड ब्योकलिनशी दोस्ती झाली. दोघं मिळून ब्रसेल्स, अँटवर्प करत पॅरिसला पोचले. लूव्रमध्ये जुन्या डच चित्रांच्या नकला केल्या. पैसे संपले तसा कोलर घरी परतला. पुढे म्युनिकमध्ये काही काळ, आणि १८५१ पासून झुरिक.

इथपर्यंतची गोष्ट त्या काळातल्या कुठल्याही होतकरू चित्रकाराची असू शकते. वेगळेपण सुरू होतं ते पुढे. १८६२ मध्ये त्याने झुरिक सरोवराच्या काठी, झुरिकहॉर्नला, ‘हॉर्नाऊ’ नावाचं घर घेतलं आणि तिथे जनावरं पाळली. गायी, घोडे, मेंढ्या. दुधासाठी किंवा शेतीसाठी नाही, मॉडेल म्हणून. शहरातल्या चित्रकारांकडे माणसं मॉडेल म्हणून येऊन बसायची. याच्याकडे गाय दावणीला बांधलेली असायची. खिडकीतून सरोवर, समोर कुरण आणि त्यात आपलीच जनावरं. सकाळच्या उन्हात, भर दुपारी, पावसानंतर, एकच गाय पुन्हा पुन्हा बघायची सोय.

जनावरं अशी जवळून बघण्याचा परिणाम, हे घर घेण्याच्या आधीपासूनच, चित्रांत कसा दिसतो ते सांगते.

‘भाजीच्या वाफ्यातली गाय’ हे १८५८ च्या सुमाराचं चित्र घ्या. कोबीच्या वाफ्यात शिरलेली एक गाय, बस्स. त्या काळातल्या चित्रांमध्ये गाय निसर्गदृश्याच्या कोपऱ्यात शोभेला असायची. नाहीतर गुराखी, त्याची बासरी, डोंगर, असा सगळा गोड मामला. कोलर मात्र गायीलाच चित्राचा विषय करतो. ज्या मानाने राजाचं किंवा सेनापतीचं चित्र काढावं, त्या मानाने. डच चित्रकार पाउलस पॉटरचा १६४७ चा तो अवाढव्य बैल आठवतो, पण पॉटरचा बैल ताठ आहे, आकाशासमोर उभा करून ठेवल्यासारखा. कोलरच्या गायीचं वजन जमिनीत उतरलेलं असतं. पुढच्या पायांवर भार आलाय हे खांद्यावरून कळतं. मागचा एक पाय सैल सोडलाय हे कमरेचं एक हाड खाली गेल्यावरून कळतं. कातडी कुठे ताणली आहे, कुठे सैल लोंबते आहे, मानेखालची पोळी कशी हलते, हे सगळं त्याने रंगवलंय, आणि केस एकेक करून मोजत बसलेला नाही.

ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. लांबून बघितलं तर कातडं केसाळ वाटतं. जवळ गेलं तर रुंद कुंचल्याचे फटकारे, केसांच्या वळणाच्या दिशेने ओढलेले. उन्हाचा भाग जाड रंगात, सावलीचा भाग पातळ. पाठीच्या कण्यावर ऊन पडलंय तिथे रंग थोडा थंड, कारण वरून आकाशाचं प्रतिबिंब. पोटाखाली गवतातून परतलेला हिरवट उजेड. गाय तपकिरी आहे म्हणून तपकिरी रंग घेतला आणि काळा मिसळून सावली केली, असला प्रकार नाही. हे तो उघड्यावर बसून शिकला. १८५० च्या दशकात रॉबर्ट त्स्युंड या मित्राबरोबर वालेन सरोवराकाठी, पुढे ग्लारुसच्या डोंगरांतल्या रिखिसाऊला, नंतर हास्लीबेर्गला, असा त्याचा उन्हाळा बाहेर जायचा. त्स्युंड झाडांत रमायचा, पान न् पान लावायचा. कोलर जनावरांत.

आता टपालगाडीकडे येऊ. हे चित्र झुरिकच्या नॉर्डोस्टबान रेल्वे कंपनीने आल्फ्रेड एशर या आपल्या मावळत्या प्रमुखाला भेट द्यायला काढून घेतलं. एशर तेव्हा गोटहार्ड रेल्वेच्या, म्हणजे त्याच खिंडीखालून बोगदा खणून जाणाऱ्या रेल्वेच्या, कामाला लागला होता. म्हणजे ज्या माणसाच्या बोगद्याने ही टपालगाडी इतिहासजमा होणार होती, त्याच्यासाठीच हे चित्र. बोगदा १८८२ मध्ये सुरू झाला आणि घाटावरची गाडी बंद पडली.

या चित्रात वेग कशातून येतो? घोड्यांच्या पायांतून येतो असं वाटतं, पण घोडे हाताने झाकून बघा (छापील चित्र असेल तर सहज जमतं). वासरू आणि धूळ एवढंच उरलं तरी गाडी भरधाव आहे हे कळतं. आता वासरू झाका. गाडी एकदम संथ होते, घोडे जागच्या जागी उड्या मारल्यासारखे दिसतात. कोलरने वेगाचं माप वासराच्या हातात दिलंय. चाळीस-पन्नास किलोचा जीव, ज्याला नीट पळताही येत नाही, त्याच्यामागे पाच घोडे आणि माणसांनी भरलेली गाडी. या दोन वजनांतला फरक ज्याला हाडीमांशी माहीत आहे तोच हे रंगवू शकतो.

आणखी एक जोडी लावून बघा. त्याचा मित्र ब्योकलिन १८७२-७३ मध्येच ‘सेंटॉरांची लढाई’ रंगवत होता. अर्धे घोडे अर्धी माणसं, एकमेकांच्या उरावर. ते चित्र बाझलला आहे. ब्योकलिन समोर मॉडेल न ठेवता स्मरणातून रंगवायचा आणि तेच योग्य मानायचा. कोलर निरीक्षणाशिवाय पाऊल टाकायचा नाही. एकाच वर्षी, एकाच अकादमीतले दोन मित्र, दोघांच्याही चित्रात घोड्यांचा धुमाकूळ, आणि दोन रस्ते अगदी वेगळे. जगाने पुढे ब्योकलिनला जास्त मोठं मानलं. मला ब्योकलिन आवडतो, पण त्या दोन चित्रांपैकी मला टपालगाडी जास्त खरी आणि म्हणून जास्त भीतीदायक वाटते.

एक दुःखाची बाजू. १८७० च्या सुमारास कोलरला डोळ्यांचा विकार जडला. पुढची तीसेक वर्षं तो त्याच्याशी झगडत काम करत राहिला. उत्तरार्धातल्या चित्रांत आधीची नेमकी नजर तेवढ्या सातत्याने दिसत नाही. त्याच्या हाताचा दोष नव्हता, डोळेच साथ सोडत होते. टपालगाडी ही विकार सुरू झाल्यानंतरची आहे, हे लक्षात घेतलं की त्या चित्रापुढे मान आणखी झुकते. १८९८ मध्ये त्याच्या सत्तरीला झुरिकमध्ये मोठं प्रदर्शन भरलं, विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. १९०५ मध्ये तो गेला.

इथे जनावरांशी रोजचा संबंध असलेली मंडळी आहेत, चित्रकार आहेत, त्या बाजूने फिरून आलेलेही आहेत. तुम्हाला या चित्रांत काय दिसतं ते वाचायला आवडेल.

निळूभाऊ

सुंदर लेख. चित्र शोधून बघितलं. वासरू झाकून बघायचा प्रयोग केला आणि खरंच गाडी थांबली! दोन मुलांनाही करायला लावला. धाकटीने पहिला प्रश्न विचारला, ‘ते वासरू वाचतं का?’ तिला काय सांगू?

पशुवैद्य_माण

निळूभाऊ, मुलीला सांगा की बहुतेक वाचतं. तिचा प्रश्न एकदम बरोबर जागी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी नोकरी गुरांच्या दवाखान्यात गेली. रस्त्यावर गाडीपुढे पळणारं वासरू आमच्याकडच्या प्रत्येक माणसाने बघितलेलं आहे. ते बाजूला होत नाही, सरळ पुढेच पळतं. लोक म्हणतात अक्कल नाही. तसं नाही. गायी-घोड्यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे मागून येणारं संकटही त्यांना जवळजवळ पूर्ण दिसत राहतं. ते संकट दोन्ही डोळ्यांच्या कडांना सारखंच दिसत असेल तर डावी-उजवीकडे वळायला कारणच मिळत नाही. समोर मोकळी वाट असते, तीच धरतात. इथे तर एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी.

पण कुंचलाताई, तुम्ही एक गोष्ट सांगितली नाहीत आणि मला तीच सगळ्यात आधी दिसली. कळप कुठे आहे? गाडीच्या मागे. म्हणजे गाडी कळपातून घुसली आणि वासरू आणि त्याची आई यांच्या मधोमध आली. वासराची नैसर्गिक ओढ आईकडे असते. घाबरलं की ते आईच्या पोटाशी जातं. इथे आईकडे जायचा रस्ता पाच घोड्यांनी अडवलाय. ते पळतंय ते आईपासून लांब, आणि तेच त्याला सगळ्यात जास्त भिववणारं आहे. आमच्याकडे मेंढपाळांचे वाडे रस्ता ओलांडताना ट्रकने मधूनच फाटतात तेव्हा कोकरांचा हाच आकांत असतो. ज्या चित्रकाराने हे मांडलं त्याने कळप हाकताना बघितलेले आहेत. नुसतं दावणीचं जनावर बघून हे सुचत नाही.

दुसरं, गायीच्या उभं राहण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते नेमकं आहे. मी विद्यार्थ्यांना सांगायचो, जनावराच्या तोंडाकडे नंतर बघा, आधी मागून बघा. कमरेची दोन हाडं एका रेषेत आहेत का, डाव्या कुशीचा खळगा भरलेला आहे का रिकामा. गायीचं मोठं पोट डाव्या अंगाला असतं, पोटभर चरलेली गाय मागून बघितली की डावीकडे फुगलेली दिसते. बहुतेक चित्रांत गाय दोन्हीकडून सारखी काढलेली असते, पिंपासारखी. तुम्ही सांगितलेली कोलरची चित्रं नेटवर मोठी करून बघितली. त्याच्या गायी चरलेल्या आहेत की चरायच्या आहेत हे मी सांगू शकतो. यापेक्षा मोठी पावती माझ्याकडे नाही.

कुंचला

डॉक्टर, तुमचं कळप आणि आईचं निरीक्षण वाचून मी चित्र पुन्हा उघडून बसले. इतकी वर्षं मी ते वासरू ‘वेग मोजायचं साधन’ म्हणून बघत होते. मधे आलेली गाडी हा त्या चित्राचा खरा प्रसंग आहे. मनापासून आभार.

आणि त्याने कळप हाकताना बघितलेले होते यात शंका नाही. रिखिसाऊ, हास्लीबेर्ग ही उन्हाळी कुरणांची ठिकाणं आहेत. उन्हाळा लागला की गुरं वर चढवायची आणि शरदात खाली उतरवायची ही तिथली रीत. ‘शरदातलं कुरण’ नावाचं त्याचं १८६७ चं चित्रही आहे.

तिठा

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. चित्र चांगलं आहे, कसब आहे, सगळं मान्य. पण १८७४ मध्ये पॅरिसला इंप्रेशनिस्टांचं पहिलं प्रदर्शन भरलं. तिकडे मोने, पिसारो रंगाची भाषाच बदलत होते आणि हे गृहस्थ झुरिकमध्ये गाय हुबेहूब काढत होते. त्याला ‘तंत्र’ म्हणून एवढं का डोक्यावर घ्यायचं? हुबेहूबपणा ही कलेची किमान अट झाली, कमाल नव्हे. आणि तुम्ही ज्या प्रतिबिंबित उजेडाचं कौतुक केलंत ते तर फ्रेंच मंडळींनी शंभर पावलं पुढे नेलं.

दुसरं, मायब्रिजने १८७८ मध्ये पळत्या घोड्याचे एकामागून एक फोटो काढले आणि त्याआधीच्या सगळ्या चित्रकारांचे पळते घोडे चुकीचे ठरले. कोलरही त्यातच येणार ना?

अनुया_बी

तिठा, तुमच्या पहिल्या मुद्द्यावर मी लिहिते. मी तैलरंगात काम करते आणि झुरिकला असताना हे चित्र समोरासमोर बघितलंय.

‘हुबेहूब’ म्हणून सोडून देण्याआधी त्यातली धूळ बघा. धूळ रंगवणं हे पाणी रंगवण्यापेक्षा कठीण आहे. तिला कडा नसते, स्वतःचा आकार नसतो, आणि ती मागच्या वस्तू अर्ध्या झाकते अर्ध्या दाखवते. नवशिके काय करतात? आधी गायी पूर्ण रंगवतात आणि मग वरून पांढरट रंग फिरवतात. त्यात गायी खडूच्या होतात. इथे मागच्या गायींच्या कडाच कोलरने विरघळू दिल्यात. शिंग आहे, पाठ आहे, पाय नाहीत. कुठल्या गायीचं धड कुठे संपतं हे सांगता येत नाही, तरी कळप भरगच्च वाटतो. याच्या उलट पुढची जागा. वासरू आणि पुढचे घोडे यांच्या कडा धारदार, सरंजामाच्या पट्ट्यांवर नेमका चकाकणारा उजेड. म्हणजे एकाच चित्रात तो दोन प्रकारे रंगवतोय, आणि दोन्हींच्या मधली पायरी कुठेही अडखळत नाही. तुमची नजर आपोआप मागून पुढे येते, गाडीच्याच दिशेने. हे योजून केलेलं आहे.

मांडणीसुद्धा बघा. चित्र जवळजवळ चौकोनी, उभं. भरधाव गाडी म्हटल्यावर कुणीही आडवा कॅनव्हास घेईल आणि गाडी डावीकडून उजवीकडे पळवेल. बघणारा मग रस्त्याकडेला सुरक्षित उभा राहतो. कोलरने बघणाऱ्याला रस्त्याच्या मधोमध उभं केलंय, वासराच्याही पुढे. घोडे समोरून रंगवणं म्हणजे छाती, गुडघे, नाकपुड्या, आणि मागे अचानक आखूड झालेलं धड. पाच घोडे असे आखूड करून बसवायचे, त्यांचे वीस पाय एकमेकांत गुंतू द्यायचे नाहीत, आणि तरी ते मोजून ठेवल्यासारखे दिसू द्यायचे नाहीत. मी स्वतः दोन बैल समोरून रंगवताना घाम गाळलाय, म्हणून सांगते.

फ्रेंचांचा मार्ग वेगळा होता. त्यांना उजेड हवा होता, मग वस्तू विरघळली तरी चालेल. कोलरला वस्तू हवी होती, तिचं वजन हवं होतं, आणि उजेड तिच्यावर पडलेला. एकाला मोठं म्हणण्यासाठी दुसऱ्याला जुनाट म्हणायची गरज नाही. जनावर हा विषय घेतलात तर मोनेची गाय मला आठवत नाही, कोलरची आठवते.

कुंचला

अनुया, धुळीबद्दल इतकं नेमकं मला लिहिता आलं नसतं.

तिठा, तुमचा मायब्रिजचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मायब्रिजच्या फोटोंनी खोटी ठरवली ती एक विशिष्ट ढब. पुढचे दोन पाय पुढे ताणलेले, मागचे दोन मागे ताणलेले, आणि घोडा हवेत आडवा, अशी. शर्यतीच्या इंग्रजी चित्रांत ती सर्रास दिसते. फोटोंनी दाखवलं की चारही पाय हवेत असतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. आता कोलरचे घोडे बघा. समोरून येत असल्यामुळे ती ताणलेली ढब तिथे लागूच होत नाही. दिसतात ते वर आलेले गुडघे आणि दुमडलेले खूर. शिवाय पाचही घोडे एका तालात नाहीत. ज्याने पंधरा-वीस वर्षं घोडे रोज बघितले, त्याला कॅमेऱ्याशिवायही बरंच काही कळलेलं असतं. कॅमेऱ्याने तपासलं तर एखादा पाय चुकेलही. पण इंप्रेशनिस्टांना उजेडासाठी वस्तू सोडायची मुभा आपण देतो, तर कोलरलाही क्षणभराच्या पायापेक्षा ओढीचा जोर महत्त्वाचा मानायची मुभा द्यायला हवी.

तिठा

ओढीचा जोर हा मुद्दा पटला. अनुयाताईंच्या सांगण्यावरून धूळ झूम करून बघितली. पाय नसलेल्या गायी खरंच आहेत, आणि मी आधी त्या पूर्ण बघितल्या असं मला वाटत होतं. इंप्रेशनिस्टांबद्दलचं माझं मत तसंच आहे, पण या चित्राला ‘हुबेहूब’ म्हणणं मागे घेतो.

घाटवाट

मी त्या रस्त्यावर सायकलने गेलोय, म्हणून थोडं भूगोलाचं.

गोटहार्ड खिंड साधारण २१०० मीटर उंचीवर आहे. दक्षिणेला आयरोलो गावाकडे उतरणारा ट्रेमोला घाट आहे, त्यात चोवीस नागमोडी वळणं एकावर एक रचल्यासारखी. कोलरच्या चित्रातली जागा ही दक्षिण बाजूची मानतात. आज तिथे दगडी चिऱ्यांची फरसबंदी आहे, पण ती नंतरची. १८७३ मध्ये मातीखडीचा रस्ता होता, म्हणून चित्रात एवढा धुरळा.

गाड्या जाऊ शकतील असा रस्ता १८३० मध्ये पूर्ण झाला. १८४२ पासून पाच घोड्यांची, दहा माणसं बसणारी टपालगाडी रोज धावायला लागली. टपालाला वेळापत्रक होतं, आणि बाकीच्यांनी बाजूला व्हायचं हा रिवाज. आजही तिथल्या डोंगरी रस्त्यांवर पिवळी पोस्ट बस असते, वळणावर तीन सुरांचा भोंगा वाजवते. ते सूर रॉसिनीच्या ‘विल्यम टेल’ ऑपेरातले आहेत. काही रस्त्यांवर पिवळ्या शिंगाची पाटी लावलेली असते, तिथे पोस्ट बसला वाट द्यायचा नियम आहे. मी सायकल बाजूला घेऊन उभा राहिलो होतो आणि ती बस हातभर अंतरावरून गेली, तेव्हा मला हे चित्र आठवलं होतं.

बोगद्याची दुसरी बाजूही लिहितो. पंधरा किलोमीटरचा बोगदा, काम १८७२ ते १८८२. जवळपास दोनशे मजूर कामावर मेले. कंत्राटदार लुई फाव्र १८७९ मध्ये बोगद्यातच कोसळून गेला. एशरला १८७८ मध्ये गोटहार्ड कंपनी सोडावी लागली होती. १८८२ च्या मे महिन्यात रेल्वेमार्गाचं उद्घाटन झालं आणि डिसेंबरात एशर वारला. झुरिक स्टेशनाबाहेर त्याचा पुतळा आहे. रेल्वेने घोड्यांचा घाट बंद केला तो काही फुकटात नाही. कोलर चित्र काढत होता तेव्हा बोगद्याचं काम नुकतंच सुरू झालं होतं आणि यातलं बहुतेक अजून घडायचं होतं, पण आज मला ते चित्र या सगळ्यासकट दिसतं.

हिरवाचाफा

किती छान चर्चा. मला चित्रकलेतलं फार कळत नाही. एक विचारायचं होतं, स्वित्झर्लंडमध्ये जनावरांची चित्रं काढणारे आणखी कुणी होते का, की कोलर एकटाच? आणि हॉर्नाऊच्या त्या घरात एवढी जनावरं, मग त्यांचं करायला कोण होतं? त्याची बायको?

कुंचला

हिरवाचाफा, लग्न १८५६ मध्ये झालं, पत्नीचं नाव बेर्ता श्लाटर. घरात जनावरांबरोबर शिष्यही असायचे. आडोल्फ श्टेब्ली हा पुढे नावाजलेला निसर्गचित्रकार त्याच्याकडे शिकला. गॉटफ्रिड केलरसारखे लेखकही कोलरच्या स्नेह्यांपैकी.

आणि आणखी कोण? एक तर जिनिव्हाचा जाक-लोरां आगास. तो कोलरच्या एक पिढी आधीचा, १७६७ ते १८४९. आयुष्य लंडनमध्ये काढलं. इजिप्तहून इंग्लंडच्या चौथ्या जॉर्ज राजाकडे भेट आलेला जिराफ त्याने १८२७ मध्ये रंगवला. फार देखणं चित्र आहे, पण तिथे जिराफ हा नवलाचा प्राणी आहे. कोलरने आयुष्यभर जे रंगवलं त्यात नवल काहीच नव्हतं. सगळ्या झुरिकला गाय माहीत होती. माहीत असलेल्या गोष्टीत लोकांना गुंतवून ठेवणं मला जास्त अवघड वाटतं.

कोलरनंतर जोव्हान्नी सेगान्तिनी. जन्माने इटलीकडचा, पण १८८६ पासून ग्राउब्युन्डनच्या डोंगरात राहिला. त्याच्या गायींवर रंगाचे बारीक धागे एकाशेजारी एक ठेवलेले दिसतात, न मिसळता, आणि उजेड लांबून जुळतो. ‘दोन माता’ या त्याच्या १८८९ च्या चित्रात गोठ्यात कंदिलाच्या उजेडात गाय-वासरू आणि बाई-मूल आहेत. तिथे गाय मातृत्वाचं प्रतीक होते. कोलरकडे गाय कशाचंच प्रतीक नसते. मला हे त्याचं मोठेपण वाटतं. तिला अर्थ चिकटवायची त्याला कधी गरज पडली नाही.

पशुवैद्य_माण

गाय कशाचंच प्रतीक नसते, हे वाक्य मी लिहून ठेवलंय. आमच्या धंद्यात तरी गाय प्रतीक मानून तिच्यावर उपचार करता येत नाहीत.

जाता जाता एक संबंध. स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागातली भुरकट तपकिरी गाय, जिला आपण ब्राउन स्विस म्हणतो, तिचं रक्त भारतात आलेलं आहे. केरळमध्ये मुन्नारजवळ माट्टुपेट्टीला १९६३ मध्ये स्वित्झर्लंडच्या मदतीने प्रकल्प सुरू झाला. तिथल्या स्थानिक गायींशी संकर करून ‘सुनंदिनी’ ही जात तयार झाली. कर्नालच्या संस्थेने साहिवालशी संकर करून ‘करण स्विस’ काढली. मी नोकरीत असताना माट्टुपेट्टीला प्रशिक्षणाला गेलो होतो. मूळ स्विस वळू तिथे बघितले. खांदे भरीव, खूर काळे आणि टणक, चढावर चालायला केलेले. कोलरच्या चित्रांत काही गायींच्या नाकपुडीभोवती पांढरट कडा दिसते, तीच या जातीची खूण. चित्रकाराने ती सोडलेली नाही.

निळूभाऊ

डॉक्टर, घाटवाट, सगळ्यांचे आभार. मुलीला डॉक्टरांचं उत्तर वाचून दाखवलं. तिचं समाधान झालेलं नाही, तिला आता त्याची आई कुठली गाय ते हवंय.

पुढच्या मे महिन्यात मेव्हण्याकडे झुरिकला जाणं होईल. कुन्स्टहाउसला गेलो तर काय बघायचं, किती वेळ ठेवायचा?

कुंचला

निळूभाऊ, अर्धा दिवस ठेवा. संग्रह मोठा आहे आणि २०२१ पासून रस्त्यापलीकडे नवी इमारतही झालीय, दोन्हींमध्ये पायपीट होते. जायच्या आधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ‘गोटहार्डपोस्ट’ सध्या भिंतीवर आहे का ते बघून घ्या, चित्रं अधूनमधून बाहेरच्या प्रदर्शनांना जातात.

सरळ टपालगाडीकडे जाऊ नका. आधी कोलरच्या गायी शोधा, ‘भाजीच्या वाफ्यातली गाय’ लावलेली असेल तर तिथे दहा मिनिटं थांबा. आधी चार हात लांबून, मग जेवढं जवळ जाऊ देतील तेवढं जवळ, आणि पाठीच्या कण्यावरचा जाड रंग एका बाजूने उजेड पडेल असं उभं राहून बघा. त्याच संग्रहात त्स्युंडचं १८८२ चं ‘ओकचं जंगल’ आहे, तेही बघा, म्हणजे दोन मित्रांच्या नजरेतला फरक कळेल. मग टपालगाडी. मुलीला पुढे उभं करा. तिच्या उंचीवरून घोडे आणखी मोठे दिसतील. आईचा शोध तिलाच घेऊ द्या. मागच्या धुळीत एखादी गाय मान वळवून गाडीकडे बघते आहे का, एवढं मात्र तिला विचारा आणि ती काय म्हणते ते इथे लिहा.